वल्हेकरी निवडावा कसा?

क्रिकेटचा संघ निवडणाऱ्यांना आपण नेहमी नावे ठेवतो. पण त्यांच्यापुढे निदान क्रिकेट खेळणारी माणसे तरी असतात. गल्लीबोळांतून, मैदानांतून हजारो मुले खेळत असतात, त्यांतून चाळीत चाळीत वर यावयाचे असते. कुस्तीचेही तसेच. तालमीत जो टिकला आणि आखाड्यात ज्याने पाठीला माती लागू दिली नाही, तो आपोआप पुढे येतो. वल्हविण्याच्या शर्यतींची गोष्ट मात्र याच्या अगदी उलट आहे. हा खेळ लहानपणी सहसा कोणी खेळतच नाही. आठ मीटरांच्या आसपास लांब, माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद आणि वजनाने अवघी चौदा किलो, अशी नौका काही कोणाच्या दारात बांधलेली नसते. ती ठेवावयास छपराची जागा हवी आणि वल्हवावयास दोन-अडीच किलोमीटरांचे शांत पाणी हवे. त्यामुळे येथे निवड आधी आणि खेळ मागाहून, असा क्रम लागतो. ज्यांनी जन्मात वल्ह्याला हात लावलेला नाही अशी शंभर मुले-मुली समोर उभी करावयाची, आणि पाचसहा वर्षांनी यांतले कोण ऑलिंपिकच्या आरंभरेषेवर जाईल ते आज सांगावयाचे, असा हा प्रश्न आहे. ज्योतिषाचाच प्रकार म्हणा ना! तरीही तो पुष्कळ अंशी सोडविता येतो, आणि कोठवर सोडविता येत नाही हेही आता बरेच कळलेले आहे.

प्रथम ही नौका माणसापाशी काय मागते ते पाहिले पाहिजे. श्रोतेहो, नदी उतरविणाऱ्या नावाड्याचे चित्र यासाठी मनातून काढून टाकावे. शर्यतीचा वल्हेकरी ज्या दिशेला जावयाचे तिच्याकडे पाठ करून बसतो. त्याचे पाय एका फळीला बसविलेल्या बुटांत अडकविलेले असतात आणि त्याची बैठक लहान चाकांवर, रुळांवरून मागेपुढे सरकते. गुडघे छातीशी आणून तो पुढे झुकतो, वल्ह्याचे पाते पाण्यात घालतो आणि पायांनी फळीला रेटा देतो. पाय सरळ होत आले की पाठ मागे जाते आणि सर्वांत शेवटी हात छातीशी येतात. पाहणाऱ्यास हा दंडांचा खेळ वाटतो. वस्तुतः त्यातला मोठा भाग मांड्यांचा आहे. नेहमीची शर्यत दोन हजार मीटरांची. आठ वल्हेकऱ्यांची नौका हे अंतर साडेपाच मिनिटांच्या आसपास तोडते आणि एकट्याच्या नौकेला साडेसहा ते साडेसात मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात सुमारे सव्वादोनशे वेळा हा सारा व्यायाम पूर्ण जोराने करावयाचा.

सहासात मिनिटे ही फार विचित्र मुदत आहे. ती निव्वळ जोराच्या माणसाला फार लांब पडते आणि निव्वळ दमाच्या माणसाला फार आखूड. या शर्यतीत लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे तीनचतुर्थांश शक्ती श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूतून येते. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटरच्या आसपास प्राणवायू पुरतो; पहिल्या प्रतीचा वल्हेकरी शर्यतीत मिनिटाला सहा लिटरांहून अधिक वापरतो. उरलेली शक्ती स्नायूंना श्वासाची वाट न पाहता उसनी काढावी लागते, आणि त्या उसनवारीचा तगादा तिसऱ्या पाचशे मीटरांत सुरू होतो. शिवाय पाणी मोठे कंजूष आहे. नौकेचा वेग दुप्पट करावयाचा तर जोर आठपट हवा. आणि जोर दुप्पट केला तर वेग वाढतो तो जेमतेम सव्वापट. म्हणून येथे थोड्याशा आघाडीसाठी शरीराला फार मोठी किंमत द्यावी लागते.

आता उंचीचे महत्त्व का, ते सहज ध्यानात येईल. ज्याच्या पायांची व हातांची हाडे लांब, त्याचे वल्हे पाण्यातून अधिक लांबचा पल्ला काढते. वजनाचीही गंमत आहे. धावणाऱ्याला आपले वजन प्रत्येक पावलाला स्वतः उचलावे लागते; वल्हेकरी बसलेला असतो, त्याचे वजन पाणी उचलते. धिप्पाड माणसामुळे नौका थोडी अधिक बुडते आणि पाण्याचा विरोध वाढतो हे खरे. पण ते वजन स्नायूंचे असेल तर त्यापासून होणारा लाभ तोट्याहून मोठा असतो. फिनलंडचा पेर्ट्टी कार्पिनेन हा अग्निशामक दलातला गृहस्थ एकट्याच्या नौकेत १९७६, १९८० व १९८४ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके घेऊन गेला. त्याची उंची दोन मीटरांहून किंचित अधिक होती. त्याच शर्यतीत २०१२ आणि २०१६ साली जिंकलेला न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल हाही दोन मीटरांचाच. तेव्हा निवड करणाराच्या हाती पहिले साधन आले ते शिंप्याची फीत! उभ्याने उंची, बसल्याने उंची, दोन्ही हात पसरले असता बोटांच्या टोकांमधले अंतर आणि वजन एवढे मोजले, की शंभरांतली ऐंशी मुले बाजूला होतात.

ही फीत देशव्यापी प्रमाणावर प्रथम चालविली ती पूर्व जर्मनीने. पावणेदोन कोटींच्या आतबाहेर लोकसंख्येच्या त्या देशात १९७० नंतरच्या दशकात शाळाशाळांतून मुलांची मोजमापे घेत, आणि ज्याचे माप ज्या खेळाला जुळेल त्याला त्या खेळाच्या निवासी शाळेत धाडीत. परिणाम डोळे दिपविणारा होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये वल्हविण्याच्या चौदा शर्यतींपैकी नऊ पूर्व जर्मनीने जिंकल्या. १९८० साली मॉस्कोला, कित्येक राष्ट्रांनी बहिष्कार घातलेला असताना, चौदांपैकी अकरा. पण या यशाची दुसरी बाजू काळीकुट्ट आहे. १९९० नंतर बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून, शासनाच्याच आज्ञेने त्या देशातील खेळाडूंना, त्यांत अजाण मुलींनासुद्धा, उत्तेजक द्रव्ये दिली जात होती हे सिद्ध झाले. त्यामुळे त्या पदकांतला किती वाटा फितीचा आणि किती औषधाचा हा हिशेब आता कोणालाच मांडता येणार नाही. मुलाला मोजावे की नाही हा एक प्रश्न आहे. मोजल्यावर ते मूल कोणाच्या मालकीचे, हा त्याहून मोठा. पूर्व जर्मनीत त्याचे उत्तर भयंकर निघाले.

मोजण्याची कल्पना तेवढी घेऊन बाकीचे टाकून देता येते, हे ऑस्ट्रेलियाने दाखविले. तेथील राष्ट्रीय क्रीडासंस्थेने १९८७-८८ च्या सुमारास कॅनबेरा भागातील शाळकरी मुलांच्या चाचण्या घेऊन त्यांतून वल्हेकरी निवडले. त्यांत मेगन स्टिल नावाची मुलगी होती. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये दोघींच्या नौकेचे सुवर्णपदक तिने केट स्लॅटर हिच्या जोडीने मिळविले. यावरून या कामाला किती धीर लागतो तेही दिसते. बी पेरल्यापासून फळ हाती येईपर्यंत आठ वर्षे गेली.

त्यानंतरची गोष्ट इंग्लंडची, आणि मला ती सर्वांत उद्बोधक वाटते. २०१२ चे ऑलिंपिक लंडनला भरावयाचे ठरलेले होते. २००७ साली तेथील क्रीडामंडळाने एक जाहीर आवाहन केले : वय सोळा ते पंचवीस, पुरुषाची उंची किमान एकशे नव्वद सेंटिमीटर आणि स्त्रीची एकशे ऐंशी, एवढे असेल तर या, खेळाचा पूर्वानुभव नसला तरी चालेल. पाच ऑलिंपिकांत पाच सुवर्णपदके मिळविलेला सर स्टीव्ह रेडग्रेव्ह या आवाहनाच्या अग्रभागी होता. हजारो उंच तरुणतरुणींनी अर्ज केले. त्यांत कॉर्नवॉलची हेलन ग्लोव्हर ही हॉकी खेळणारी, रानावनांतून लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारी मुलगी होती. तिची उंची ठरलेल्या मापाहून दोनएक सेंटिमीटरांनी कमी. मोजणीच्या वेळी आपण टाचा उचलल्या होत्या, असे तिनेच पुढे हसत सांगितले आहे. २००८ साली तिने वल्हे हाती धरले. २०१२ साली हेदर स्टॅनिंग हिच्या जोडीने ती दोघींच्या नौकेत पहिली आली. त्या ऑलिंपिकमधले ब्रिटनचे ते पहिले सुवर्णपदक, आणि वल्हविण्याच्या शर्यतींत ब्रिटिश स्त्रियांना मिळालेले आजवरचेही पहिलेच. २०१६ साली त्याच जोडीने ते पुन्हा जिंकले. मग तीन मुलांची आई झाल्यावर ग्लोव्हर परत आली आणि २०२४ साली पॅरिसला चौघींच्या नौकेत तिने रौप्यपदक मिळविले. मोजणी करणाऱ्या कारकुनाने त्या दिवशी टाचांकडे पाहिले असते तर!

याचा अर्थ फीत खोटी असा नव्हे. त्याच आवाहनातून व्हिक्टोरिया थॉर्नली ही घोडेस्वारीची हौस असलेली, १९३ सेंटिमीटर उंचीची मुलगी पुढे आली आणि २०१६ साली तिनेही रौप्यपदक मिळविले. म्हणजे फीत बरीच माणसे बरोबर ओळखते. पण तिने घातलेली रेघ आणि निसर्गाने घातलेली रेघ एकच नसते. कागदावरची मर्यादा ही निवड करणाराच्या सोयीची असते. तिच्या दोन बोटे अलीकडे उभ्या असलेल्या माणसाची फुप्फुसे काही ती मर्यादा वाचून काम करीत नाहीत.

वयाचा घोटाळा तर याहून मोठा आहे. चौदा वर्षांच्या दोन मुलांना शेजारी उभे केले तर एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. पहिला आज उंच दिसतो, यंत्रावर दुप्पट जोर दाखवितो आणि निवडला जातो. पण त्याची वाढ संपत आलेली असते. दुसरा अठराव्या वर्षी त्याच्या डोक्यावरून जातो, तोवर त्याला "तू या खेळाचा नव्हेस" असे सांगून घरी पाठविलेले असते. म्हणून जाणते शिक्षक मुलाबरोबर त्याच्या आईबापांची उंची विचारतात आणि सहासहा महिन्यांनी पुन्हा मोजतात. नशिबाने हा खेळ दयाळू आहे. जिम्नॅस्टिकसारखी यात कोवळ्या वयाची अट नाही. अठराव्या, विसाव्या वर्षी सुरुवात करूनही माणूस शिखरावर जाऊ शकतो. मला विचाराल तर पंधराच्या आत कोणालाही अंतिम नकार देऊ नये.

फितीनंतर येते यंत्र. जमिनीवर ठेवलेले, सरकत्या बैठकीचे, साखळी ओढताच वाऱ्याचे चक्र फिरविणारे असे हे वल्हेयंत्र आता व्यायामशाळांतूनही दिसते. त्यावर दोन हजार मीटर 'वल्हवून' किती वेळ लागला ते पाहतात. नवख्या माणसाच्या बाबतीत त्याने पहिल्या दिवशी काढलेल्या वेळेला फारसा अर्थ नसतो. बारा आठवडे शिकविल्यावर ती वेळ किती खाली आली, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. कारण निवडावयाचा असतो तो शिकवण अंगी लावून घेणारा माणूस. शिवाय हे यंत्र एक गोष्ट निर्दयपणे उघड करते : बाराशे-तेराशे मीटरांच्या पुढे, कोणी पाहत नसताना, माणूस आपल्याशी काय सौदा करतो ती.

तरीही यंत्र म्हणजे नौका नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या जोशुआ डंकली-स्मिथने २०१८ साली यंत्रावर दोन हजार मीटर ५ मिनिटे ३५.८ सेकंदांत काढून विश्वविक्रम केला. हाच वल्हेकरी २०१२ व २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये चौघांच्या नौकेत होता, आणि दोन्ही खेपांना ब्रिटनच्या नौकेने तिला मागे टाकले. याचे कारण पाण्यातच आहे. यंत्र जमिनीला चिकटलेले असते. नौका माणसाच्या खालून सरकते. आठ जणांच्या नौकेचे वजन शंभर किलोच्या आत, आणि तिच्यात मागेपुढे सरकणाऱ्या माणसांचे वजन सातशे किलो! वल्हे पाण्याबाहेर काढून सारे जण पुढच्या हाताची तयारी करण्यासाठी सरकतात, तेव्हा नौका त्यांच्या पायांखालून सर्वांत वेगाने धावत असते. ऐकणाऱ्यास हे खोटे वाटेल, पण जोर लावतानापेक्षा जोर थांबल्यावर नौका अधिक जलद जाते. त्या क्षणी एकजण घाईने किंवा धसमुसळेपणाने सरकला, तर बाकी सातांनी कमावलेला वेग तो परत पाण्याला देऊन टाकतो.

असा माणूस ओळखण्यासाठी शिक्षकांनी जी युक्ती काढली आहे तिला जागाबदलाची शर्यत म्हणता येईल. चौघांच्या दोन नौका शेजारी शेजारी हजार-दीड हजार मीटर सोडावयाच्या; मिनिटाला किती वल्ही मारावयाची ते दोघींना सारखेच ठरवून द्यावयाचे. समजा, पहिली नौका दोन सेकंदांनी जिंकली. आता दोन्ही नौका कडेला कडा लावून थांबवावयाच्या आणि फक्त दोन माणसांची अदलाबदल करावयाची. कोणाची, हे शिक्षक त्याच क्षणी सांगतो. पुन्हा तेच अंतर. या खेपेला दुसरी नौका एका सेकंदाने जिंकली. म्हणजे एका माणसाने जागा बदलताच निकाल तीन सेकंदांनी फिरला. एका नौकेतून तो गेला आणि दुसरीत तो आला, असा त्याचा परिणाम यात दोनदा मोजला गेला, म्हणून तीनाचे निम्मे करावयाचे : त्या दोघांत दीड सेकंदाचे अंतर. हे गणित शाळेतल्या मुलाला येईल. पण त्याने कित्येकदा भले भले गार केले आहेत. यंत्रावर पाचव्या क्रमांकाचा असणारा एखादा अबोल माणूस ज्या ज्या नौकेत बसतो ती ती नौका पुढे जाते, आणि का जाते ते त्यालाही सांगता येत नाही. या पद्धतीतही दोष आहेतच. वारा मध्येच फिरतो, माणसे थकतात, आणि ज्याच्याविषयी नौकेत राग आहे त्याच्यासाठी इतरांनी हात आखडता घेतला तर तेही शिक्षकाला कळणे कठीण. तरी माणसाची किंमत त्याच्या सोबत्यांच्या वेगात मोजणारी याहून चोख कसोटी मला ठाऊक नाही.

आपल्या देशात हे कसे चालते? कलकत्ता रोइंग क्लब १८५८ सालचा, म्हणजे खेळ आपल्याकडे नवा नाही. पण तो दीर्घकाळ साहेबांचा आणि क्लबांचा राहिला. आज भारताचे बहुतेक नामांकित वल्हेकरी सैन्यातून आलेले दिसतात. त्याचे कारण उघड आहे : खेड्यापाड्यांतली उंच, काटक मुले एका जागी उभी करून मोजण्याची संधी फक्त सैन्यालाच मिळते. २०१० च्या ग्वांगचौ आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळातले भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविणारा बजरंगलाल ताखर हा राजस्थानातील सीकर जिल्ह्याचा. रजपुताना रायफल्समधला जवान. आणि दत्तू भोकनळ तर आपलाच. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्याचे गाव. टंचाईचा तो मुलूख, वडील विहिरी खोदणारे. २०१२ साली तो सैन्यात दाखल झाला, त्याची उंची वरिष्ठांच्या नजरेत भरली आणि पुण्याच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयातील केंद्रात त्याच्या हाती वल्हे आले. चार वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, तो भारताचा एकमेव वल्हेकरी होता. एकट्याच्या नौकेत त्याचा क्रमांक तेरावा लागला. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या नौकेने सुवर्णपदक मिळविले, त्यातही तो होता.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावी. पण तिच्यातली बोचणारी बाजूही पाहावी. दत्तू सैन्यात गेला नसता तर त्याला कोणी मोजले असते? त्याच्यासारखाच बांधा असलेला, पण शेत सोडून न गेलेला मुलगा कोणाच्या फितीखाली येणार? आणि चौदाव्या वर्षीच पाच फूट नऊ इंच झालेली मुलगी, जिच्या उंचीची घरात काळजीच केली जाते, तिला कोण सांगणार की या अंगकाठीला जगात एक जागा आहे? भोपाळच्या मोठ्या तलावावर मध्यप्रदेश शासनाची जलक्रीडा अकादमी आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या अशा मुलीला तेथवर नेणारा शाळेतला व्यायामशिक्षकच असावयास हवा.

यात आता आणखी एक भर पडली आहे. ठेंगण्या, हलक्या माणसांवर अन्याय नको म्हणून १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये हलक्या वजनाचा वेगळा गट होता : पुरुषाचे वजन साडेबहात्तर किलोच्या आत, स्त्रीचे एकोणसाठच्या आत. आशियातील राष्ट्रांना हे दार मोलाचे होते. अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग ही आपली जोडी २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये याच गटात अकरावी आली, आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धांत तिने रौप्यपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिसनंतर ऑलिंपिकपुरता हा गट बंद झाला. २०२८ साली लॉस एंजेलिसला नेहमीच्या शर्यती, तेथील पाण्याची लांबी अपुरी असल्याने, पंधराशे मीटरांच्याच व्हावयाच्या आहेत. त्यात जोरकस, धिप्पाड माणसाला थोडा अधिकच लाभ होईल.

मात्र रिकाम्या झालेल्या जागेवर एक नवा प्रकार आलेला आहे, तो समुद्रकिनाऱ्यावरच्या शर्यतीचा. वाळूवरून धावत येऊन नौकेत उडी घ्यावयाची, लाटांतून, तरंगत्या खुणांना वळसे घालीत अडीचशे मीटर बाहेर जावयाचे, वळून तेवढेच परत यावयाचे आणि पुन्हा वाळूवरून धावत जाऊन शेवट गाठावयाचा. नौका रुंद व दणकट. काळ तीनएक मिनिटांचा. येथे हाडांच्या लांबीचे महत्त्व थोडे कमी होते, आणि लाट अंगावर केव्हा घ्यावी, केव्हा तिच्या पाठीवर बसावे, हे जाणणाऱ्याचे वाढते. गोव्याच्या आणि कोकणपट्टीच्या किनाऱ्यावर ते जाणणारी मुले बापाच्या होडीत बसून शिकलेली आहेत. त्यांच्यातून निवड करावयाची तर फीत, यंत्र आणि जागाबदल ही तिन्ही साधने अपुरी पडतील; आधी त्यांना लाटेत सोडून, काठावर उभे राहून पाहावे लागेल.